टेस्लाचा व्हॉल्व्ह आणि आमची मानस

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुप्रभातची फुलं सकाळी सातच्या आत येऊन जातात. त्यानंतर माझी पाळी. मी गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत पंप आणि पाइपांच्या कामात मुरलेला इंजिनियर. विज्ञानातलं काही भन्नाट दिसलं की चार जणांना दाखवल्याशिवाय मला चैन पडत नाही. १९७१ साली चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडणारा अपोलो १५ चा डेव्हिड स्कॉट झाला, १९४० साली वाऱ्यात पिळवटून कोसळलेला अमेरिकेतला टॅकोमाचा पूल झाला. उत्तरादाखल अंगठे येतात. अंगठा म्हणजे ‘पोचलं, पण बघितलं नाही’.

मध्यंतरी टेस्लाच्या व्हॉल्व्हचा व्हिडिओ पाठवला. पारदर्शक पट्टीत कोरलेली वाट, तिला दोन्ही अंगांना पानांसारखे फाटे. एका दिशेनं लाल पाणी सोडलं की सुळकन पार. उलटीकडून सोडलं की ते फाट्यांत शिरतं, वळसा घेऊन मागं येतं आणि स्वतःच्याच प्रवाहाला आडवं जातं. निकोला टेस्लाला याचं पेटंट १९२० साली मिळालं. आत हलणारा एकही भाग नाही, आणि हीच त्यातली गंमत.

अंगठे आले. आणि कुंभारजुव्याहून आत्याची व्हॉइस नोट आली, “अरे, ही तर आमची मानस!”

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, या मानसीचा मनाशी काही संबंध नाही. इथल्या नद्यांत समुद्राची भरती आतवर चढते आणि नदीकाठची खाजनं, म्हणजे खारवट शेतजमिनी, भरतीच्या पातळीपेक्षा खाली असतात. म्हणून चिखलाचे आणि चिऱ्यांचे बांध घातलेले. पण नुसता बांध घातला तर पावसाचं पाणी शेतातच कोंडेल. त्यासाठी बांधात ठेवलेलं दार म्हणजे मानस. ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. पोर्तुगीज १५१० साली आले त्याच्याही आधीपासून इथं खाजनं पिकत आहेत.

आत्याचं म्हणणं डोक्यातून जाईना. एका रविवारी भरतीचं वेळापत्रक बघून गेलोच. आतोबा बांधावर आधीच उभे. दार मिटलेलं होतं, बाहेर कालव्याचं पाणी वर, आत खाली. लाकडाच्या जाड फळ्या, त्यांच्या सांध्यातून सुतळीएवढी धार आत गळत होती. हळूहळू बाहेरचं पाणी उतरलं, दोन्हीकडची पातळी सारखी झाली आणि ती धार थांबली. चार-पाच मिनिटं काहीच घडलं नाही. मग दाराला चिकटलेली एक गवताची काडी सुटून बाहेरच्या बाजूला निघाली, फळी करकरली आणि बोटभर फट पडली. दहा वाजले असतील. कुणी हात लावला नव्हता.

इथं थोडं गणित करायला हवं, कारण खरी खुबी त्यातच आहे. दाराची रुंदी एक मीटर धरू आणि आतली बाजू कोरडी धरू. बाहेर दहा सेंटीमीटर पाणी असेल तर दारावरचा एकूण जोर जेमतेम पाच किलोच्या वजनाएवढा. पाणी एक मीटर चढलं की तोच जोर पाचशे किलोच्या वर जातो. उंची दहापट, जोर शंभरपट! कारण खोलीबरोबर दाबही वाढतो आणि दाब झेलणारं क्षेत्रफळही वाढतं. म्हणजे पाणी जितकं आत घुसायला बघेल तितकं ते स्वतःच दार घट्ट आवळून धरतं. कारखान्यात आम्ही याला एनआरव्ही, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह म्हणतो. तुमच्या विहिरीच्या पंपाच्या तळाशी असतो तो फूट व्हॉल्व्हही याच जातीचा.

तुमच्या हातातही तो आहे. हात खाली सोडा, पुढच्या हातावरची एक फुगलेली शीर मनगटाजवळ बोटानं दाबा आणि दुसऱ्या बोटानं तिच्यातलं रक्त कोपराकडे सारा. शीर रिकामी, आणि वरून रक्त परत येत नाही. खालचं बोट उचला, लगेच भरते. शिरांमधल्या या झडपांवर फॅब्रिसियस या इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञानं १६०३ साली पुस्तक लिहिलं आणि त्यांना ‘छोटी दारं’ म्हटलं. त्याचाच विद्यार्थी विल्यम हार्वे यानं १६२८ साली हाच बोटांचा प्रयोग दाखवून रक्त शरीरात फिरतं हे पटवून दिलं.

मग आत्याचं बरोबर? काम तेच, म्हणून अर्धं बरोबर. स्वभावात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. टेस्लाचा व्हॉल्व्ह कधी बंदच होत नाही. तो फक्त पळत्या पाण्याला घोळात घेतो. पाणी संथ झालं की त्याचा अडथळाही संपला. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये तो मोजून पाहिला, तेव्हा एकसारख्या प्रवाहात उलटी वाट सुलट वाटेच्या साधारण दुप्पट अवघड निघाली. पाणी मागं-पुढं हिसडे खात असेल तर तो जास्त चांगला चालतो. खाजनाच्या बांधात तो बसवला असता तर सहा तासांच्या भरतीत शेताचं मिठागर झालं असतं.

पण निसर्गानं त्याचीही जागा शोधलेली आहे. मोरी, म्हणजे शार्क, साफ करताना पाहिली असेल तर तिचं आतडं आतून मळसूत्रासारखं असतं हे माहीत असेल. त्याच २०२१ साली अशा आतड्यांचे सीटी स्कॅन आणि प्रयोग करून संशोधकांनी दाखवलं, की त्यांतून द्रव एका दिशेनं जास्त सहज वाहतो. मोरीचं आंबटतीक, म्हणजे आंबट-तिखट कालवण, खाणाऱ्या माझ्या मामेभावाला हे सांगितल्यावर त्याचा घास क्षणभर अडकला. पुढं तो खाताच राहिला, ते वेगळं.

हलत्या दाराचा दोषही त्या रविवारी बघायला मिळाला. फळी अर्धी उघडून थांबली. आतोबांनी चिखलात हात घालून नारळाच्या सोडणाचा तुकडा काढला. तो तसाच राहिला असता तर येत्या भरतीला दार पुरतं मिटलं नसतं. फूट व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला की पंपाला पाणी पाजत बसावं लागतं, त्यातलाच प्रकार.

दार उघडतानाचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ त्या रात्री ग्रुपवर टाकला. चंद्र रोज मागं सरकतो तशी भरती-ओहोटीही रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, हेही खाली लिहिलं. या वेळी अंगठे कमी आणि प्रश्न जास्त. मडगावच्या मामेभावानं तर लिहिलं, “पुढच्या रविवारी मीही येतो, बरोबर दहाला.”

आत्याचं उत्तर माझ्याआधी गेलं. “धा वरांचेर दारां धांपून आसतलीं. चारांक यो.” म्हणजे, दहाला दारं मिटलेली असतील, चारला ये.