ओएसटी फाइल आणि हरवलेले मेल : पार्श्वभूमी

मायक्रोसॉफ्टचा मेल प्रोग्रॅम आउटलुक सर्व्हरवरच्या मेलची प्रत संगणकावर ज्या फाइलमध्ये ठेवतो ती ओएसटी. एकही बाइट न बिघडलेली ओएसटी फाइल दुसऱ्या संगणकावर नेली की आउटलुक ती उघडायला नकार देते. मेल परत मिळवण्याच्या बहुतेक प्रकरणांची सुरुवात इथेच होते, आणि त्यामागे एक जुना निर्णय आहे.

मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज या मेल सर्व्हरची पहिली आवृत्ती १९९६ साली आली. तेव्हा लॅपटॉपवाल्यांना डायल-अपवर मेल पाहावे लागत. इनबॉक्ससारखे ठरावीक फोल्डर आणि खूण करून निवडलेले इतर काही फोल्डर फाइलमध्ये उतरवायचे, ऑफलाइन काम करायचे, पुन्हा जोडणी मिळाली की सिंक करायचे, म्हणजे दोन्हीकडचे बदल जुळवून घ्यायचे, अशी ओएसटीची सोय होती. मूळ मेल सर्व्हरवर, फाइलमध्ये फक्त प्रत, हे गृहीतक त्या काळात चुकीचे नव्हते.

खरा बदल आउटलुकच्या २००३ च्या आवृत्तीने झाला. मेलबॉक्सची स्थानिक प्रत ठेवून तिच्यावरच काम करणारा कॅश्ड मोड आला आणि ऑफिसमधल्या टेबलावरच्या संगणकांवरही संपूर्ण मेलबॉक्सची ओएसटी आपोआप तयार होऊ लागली. जुन्या रचनेत फाइलला २ जीबीची मर्यादा होती. २००३ मध्ये आलेल्या युनिकोड नावाच्या नव्या रचनेत ती २० जीबी झाली आणि २०१० मध्ये ५० जीबी. थोडक्यात, प्रवासातल्या सोयीसाठी काढलेली फाइल लाखो लोकांच्या वर्षानुवर्षांच्या पत्रव्यवहाराचे घर बनली, आणि नियम मात्र प्रवासातल्या सोयीचेच राहिले.

वादाचा मुद्दा म्हणजे फाइलला प्रोफाइलशी, म्हणजे आउटलुकमधल्या खात्याच्या मांडणीशी, बांधून ठेवणे. ज्या प्रोफाइलने आणि ज्या मेलबॉक्ससाठी ओएसटी तयार झाली, त्यांच्याशिवाय ती उघडत नाही. प्रोफाइल जिवंत असेल तर आउटलुक ऑफलाइन ठेवून मेल पीएसटीमध्ये, म्हणजे कोणत्याही आउटलुकमध्ये उघडणाऱ्या स्वतंत्र मेल फाइलमध्ये, एक्स्पोर्ट करता येतात. प्रोफाइल उडाले, खाते बंद झाले किंवा विंडोज नव्याने टाकले, की तीच फाइल ऑर्फन, म्हणजे अनाथ, ठरते. त्याच नावाचे प्रोफाइल पुन्हा बनवूनही उपयोग होत नाही.

या निर्णयाच्या बाजूने दोन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली सुरक्षा : कोणीही फाइल उचलून दुसऱ्याचे मेल वाचू नयेत. पण फाइलच्या आतले नेहमीचे एन्क्रिप्शन म्हणजे ठरलेल्या तक्त्यानुसार एका बाइटच्या जागी दुसरा बाइट. त्याला पासवर्ड लागत नाही आणि तक्ता सगळ्या फाइलींना एकच. त्यामुळे रचना माहीत असणाऱ्याला मेल वाचता येतात. अडतो तो ज्याचे मेल आहेत तो साधा वापरकर्ता. दुसरी गोष्ट अशी की ओएसटी ही नुसती कॅश, म्हणजे तात्पुरती प्रत, आहे, बिघडली तर डिलीट करा, सर्व्हरवरून नवी उतरेल. सर्व्हर शाबूत असेल तर हा सल्ला बरोबरच आहे. मात्र सिंकच्या अडचणी नोंदणाऱ्या आउटलुकच्याच सिंक इश्यूज या फोल्डरमध्ये लोकल फेल्युअर्स नावाचा फोल्डर आहे. जे सर्व्हरवर चढू शकले नाही ते त्यात पडते, आणि तो फोल्डर फक्त त्याच संगणकावर दिसतो. म्हणजे ज्या मेलची प्रत जगात दुसरीकडे कुठेच नाही असे मेल या फाइलमध्ये असतात, हे प्रोग्रॅमलाच ठाऊक होते. तरीही ओएसटी तपासण्याचे वेगळे साधन २०१० च्या आवृत्तीपासून दिलेच गेले नाही. त्याच वर्षी पीएसटीची रचना जाहीर झाली, पण त्या दस्तऐवजातून ओएसटी वगळली होती. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान या वगळण्याने केले. बाजारात पैसे घेऊन ओएसटीची पीएसटी करून देणारी साधने इतकी पसरली ती या रिकाम्या जागेमुळे.

डिलीट केलेला मेल फाइलमधून परत का मिळू शकतो, याचे उत्तर रचनेत आहे. मेल काढला की अनुक्रमणिकेतली त्याची नोंद जाते आणि तो भाग मोकळा म्हणून नोंदला जातो. मजकूर मात्र त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत किंवा फाइल कॉम्पॅक्ट होईपर्यंत, म्हणजे मोकळे भाग काढून आकसेपर्यंत, तिथेच राहतो. पीएसटीसाठी जुन्या जाणत्यांची एक युक्ती याच गोष्टीवर चालायची. फाइलची प्रत घ्यायची, फाइलचे बाइट थेट दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये उघडायची आणि ७ ते १३ या स्थानांवरचे बाइट हेक्स २० करून टाकायचे. फाइलचा प्रकार आणि आवृत्ती सांगणाऱ्या नोंदी नेमक्या याच टप्प्यात येतात. त्या पुसल्या की दुरुस्तीचे साधन, म्हणजे स्कॅनपीएसटी, फाइल पार बिघडली असे समजून पुन्हा उभारायला घेते, आणि त्या खटपटीत सुटलेले काही मेल वर येतात. मुद्दाम फाइल मोडून ती दुरुस्त करायला लावणे विचित्र वाटते, पण प्रत हाताशी असेल तर त्यात धोका नाही.

आउटलुकच्या २०१३ च्या आवृत्तीने दोन गाठी वाढवल्या. ओएसटीची आतली पाने, म्हणजे ठरावीक मापाचे तुकडे, ५१२ बाइटवरून ४०९६ ची झाली आणि मजकूर कॉम्प्रेस होऊ लागला, त्यामुळे जुनी साधने या फाइलींवर निरुपयोगी ठरली. शिवाय किती महिन्यांचे मेल ऑफलाइन ठेवायचे याचा स्लायडर आला, आणि तो सहसा १२ महिन्यांवर असे. त्याहून जुने मेल फाइलमध्ये नसतात, मग साधन कितीही चांगले असो. हे न तपासता पैसे भरून निराश झालेले लोक खूप आहेत. आणि सिंक दोन्ही बाजूंनी चालते : सर्व्हरवर मेल गेले की पुढच्या जोडणीत फाइलमधूनही जातात. म्हणून आधी नेटवर्क तोडायचे, आउटलुक बंद करायचे, फाइलची प्रत काढायची, आणि हात लावायचा तो प्रतीलाच.

सर्व्हरच्या बाजूची सोय त्या मानाने जुनी आहे. डिलीट झालेले मेल ठरावीक मुदतीपर्यंत राखून ठेवणे १९९७ च्या एक्सचेंज ५.५ पासून शक्य आहे. आजच्या क्लाउड मेलबॉक्सला ही मुदत मुळात १४ दिवस असते आणि ॲडमिनला ती ३० पर्यंत वाढवता येते. शिफ्ट-डिलीट केलेले मेलही तिथे सापडतात. ब्राउझरच्या धर्तीवर बनलेले नवे आउटलुक आपली स्थानिक प्रत ओएसटीत ठेवतच नाही, त्यामुळे त्यावर काम करणाऱ्यांसाठी या मुदतीला अधिक महत्त्व आले आहे. ओएसटीचा प्रश्न आता मुख्यतः जुन्या डिस्क आणि बंद पडलेल्या सर्व्हरपुरता उरतो. एक्सचेंज २०१६ आणि २०१९ या आवृत्त्यांचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आहे, तेव्हा असे सर्व्हर हलवताना ऑर्फन फाइली अजून काही वर्षे निघत राहतील.