नेपाळच्या आठ-हजारी शिखरांचे परमिट: अर्ज नेमका कुठे अडतो?

जगात 8,000 मीटरपेक्षा उंच शिखरे चौदा आहेत. त्यांतली आठ नेपाळमध्ये किंवा नेपाळच्या सीमेवर आहेत: एव्हरेस्ट, कांचनजुंगा, ल्होत्से, मकालू, चो ओयू, धौलागिरी, मनास्लू आणि अन्नपूर्णा. या शिखरांचे परमिट काठमांडूचा पर्यटन विभाग देतो. नेपाळ माउंटेनियरिंग असोसिएशन तुलनेने लहान शिखरांची परमिटे देते, त्यामुळे आठ-हजारीसाठी तिचे दार ठोठावण्यात अर्थ नाही.

अर्ज नेपाळमधल्या नोंदणीकृत एजन्सीमार्फत जातो. फॉर्म भरणे, विभागात खेटे घालणे, चलन भरणे हे सगळे एजन्सीचा माणूस करतो. म्हणूनच बरेच संघ कागदपत्रांकडे बघतच नाहीत आणि काठमांडूच्या हॉटेलात बसून घरच्यांना फोन लावतात, "कपाटातली ती फाईल स्कॅन करून पाठवा." एजन्सी अर्ज पोचवते. कागद खरे आणि मुदतीतले असण्याची जबाबदारी मोहिमेच्या नेत्याचीच.

साधारण यादी अशी: सदस्यांची यादी, पासपोर्टच्या प्रती, फोटो, प्रत्येकाचा गिर्यारोहणाचा थोडक्यात परिचय, चढाईचा मार्ग दाखवणारा नकाशा किंवा छायाचित्र, आपल्या देशाच्या गिर्यारोहण संस्थेचे किंवा सरकारचे शिफारसपत्र, आरोग्य प्रमाणपत्र, विमा. एका परमिटवर जास्तीत जास्त पंधरा जण. एव्हरेस्टसाठी किमान वय 16 वर्षे.

यातले शिफारसपत्र भारतीय संघांनी दिल्लीच्या इंडियन माउंटेनियरिंग फाउंडेशनकडून घ्यायचे असते. ते शेवटच्या आठवड्यात मागू नका. तिथेही सदस्यांची नावे, कोर्सची प्रमाणपत्रे आणि आधीच्या चढायांचा तपशील द्यावा लागतो. पत्र मिळाल्यावर संघात माणूस बदलला तर पत्रातली यादी आणि अर्जातली यादी जुळत नाही, आणि मग पुन्हा पहिल्यापासून.

नाव हा तर आपल्याकडचा खास घोळ. पासपोर्टवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, विम्यावर नुसते नाव-आडनाव, डॉक्टरांच्या कागदावर घरचे नाव. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींचे कोर्सचे प्रमाणपत्र माहेरच्या नावाचे आणि पासपोर्ट सासरच्या. पासपोर्टवर जसे आहे तसेच, त्याच स्पेलिंगने, सगळीकडे हवे. विमानाने नेपाळला जायला मतदार ओळखपत्रही चालते, पण त्या भरवशावर परमिटच्या अर्जाला बसू नका, तिथे पासपोर्टच लागतो.

आता आरोग्य प्रमाणपत्र. नेपाळच्या गिर्यारोहण नियमांतल्या 2025 च्या दुरुस्तीनुसार ते सरकारमान्य वैद्यकीय संस्थेचे आणि गेल्या महिनाभरातले असावे लागते. "महिनाभरातले" हा शब्द लोक वाचतच नाहीत. जानेवारीत सगळ्या तपासण्या होतात, कागद फाईलला लागतो आणि एप्रिलमध्ये तो शिळा ठरतो. ओळखीच्या डॉक्टरांनी लेटरहेडवर लिहून दिलेले "प्रकृती उत्तम" तर विसराच. यावर उपाय म्हणजे दोनदा तपासणी. पहिली डिसेंबर-जानेवारीत स्वतःसाठी, म्हणजे हृदयाचे किंवा रक्तदाबाचे काही निघाले तर उपचाराला वेळ राहतो. दुसरी निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी, केवळ ताज्या तारखेच्या कागदासाठी. खर्च वाढतो, पण मोहीम वाचते.

रॉयल्टी, म्हणजे परमिटसाठी नेपाळ सरकारला भरायचे शुल्क. तिच्याबाबत जुने आकडे अजून फिरत असतात. 1 सप्टेंबर 2025 पासून एव्हरेस्टच्या नेहमीच्या दक्षिण मार्गासाठी परदेशी व्यक्तीला वसंत हंगामात 15,000 डॉलर, शरदात 7,500 आणि हिवाळ्यात किंवा पावसाळ्यात 3,750 डॉलर पडतात. त्याआधी वसंताचा दर 11,000 होता. बाकीच्या आठ-हजारींसाठी वसंतात 3,000. सात जणांच्या गटाला मिळून 70,000 डॉलर ही पद्धत 2015 पासून बंद आहे, आता दर माणशी एकच. भारतीयांना यात सवलत नाही. एव्हरेस्ट ज्यात येते त्या सगरमाथा (एव्हरेस्टचे नेपाळी नाव) राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशशुल्कात सार्क देशांच्या नागरिकांना कमी दर आहे. त्यावरून परमिटही स्वस्त पडेल असे गृहीत धरून संघ बजेट मांडतात आणि प्रायोजकाकडे तोंड वेंगाडायची वेळ येते. एव्हरेस्ट आणि ल्होत्सेची वाट बराच काळ एकच असली तरी परमिटे दोन, रॉयल्टीही दोन. ल्होत्सेच्या परमिटवर एव्हरेस्टच्या शिखराकडे वळता येत नाही.

मग पैसे भरायची पाळी येते. रॉयल्टीचा दर डॉलरमध्ये आणि आपल्या बँका डॉलर देत नाहीत! परकीय चलनाच्या भारतीय नियमांत नेपाळ-भूतानच्या प्रवासासाठी परकीय चलन घ्यायला मनाई आहे. नेपाळमध्ये राहणाऱ्या व्यक्तीशी डॉलरमध्ये व्यवहार करायचा तर रिझर्व्ह बँकेची सूट लागते. काउंटरवरचा कर्मचारी अर्ज परत करतो तेव्हा तो अडवणूक करत नसतो. व्यवहार भारतीय रुपयांत, बँकेमार्फत करायचा. एजन्सीशी करार करतानाच रक्कम रुपयांत किती, डॉलरचा कोणता दर धरला आणि दर हलला तर फरक कोणाचा, हे लिहून घ्या. लाखोंची रोकड पिशवीत घालून सीमा ओलांडायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. नोटा नेण्यावर मर्यादा आहेत आणि पावतीही मिळत नाही.

मुदतीचा अर्थ लावतानाही चूक होते. परमिट पूर्वी 75 दिवसांचे होते, ते आता 55 दिवसांचे आहे. 1 एप्रिलपासून मोजले तर 55 वा दिवस 25 मे ला येतो. एव्हरेस्टवर वारे पडण्याची संधी बहुधा मेच्या उत्तरार्धात मिळते. म्हणजे उत्साहाने लवकर परमिट काढणारा संघ ऐन चढाईच्या वेळी मुदतीच्या कडेला पोचतो. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली सुरुवात अधिक सोयीची. पण फार ताणायलाही जागा नाही: बेस कॅम्पच्या लगेच वरच्या खुंबू हिमप्रपातातला (हिमनदीच्या तुटलेल्या, भेगाळ टप्प्यातला) शिड्यांचा मार्ग सगरमाथा प्रदूषण नियंत्रण समितीची माणसे बांधतात आणि मेच्या अखेरीस तो बंद होतो. परमिटला दिवस शिल्लक असले तरी शिड्या निघाल्यावर त्यांचा उपयोग शून्य.

एकट्याने चढाईचा विचार असेल तर तो सोडा. 8,000 मीटरवरील शिखरांवर दर दोन गिर्यारोहकांमागे एक गाईड किंवा उच्च-उंचीवरचा सहायक बंधनकारक आहे. त्याशिवाय विभागाने संघासोबत नेमलेला सरकारी प्रतिनिधी, म्हणजे संपर्क अधिकारी, त्याचा भत्ता आणि विमा संघाच्या खर्चात धरा. शेर्पांच्या आयुर्विम्याची किमान रक्कमही वाढून 20 लाख नेपाळी रुपये झाली आहे. एजन्सीच्या अतिस्वस्त कोटेशनमध्ये पहिली काटछाट इथेच झालेली असते, म्हणून पॉलिसीची प्रत मागा.

तुमचा स्वतःचा विमाही नीट वाचा. प्रवास विम्यात "साहसी खेळ समाविष्ट" असे मोठ्या अक्षरात असते, आणि आतल्या पानावर दोर व गाईड वापरून केलेले गिर्यारोहण वगळलेले असते किंवा उंचीची मर्यादा घातलेली असते. 6,000 मीटरपर्यंतची पॉलिसी घेऊन बेस कॅम्पच्या जरा वरपर्यंतच संरक्षण मिळते. शोध व हेलिकॉप्टर बचाव, उंचीवरचे आजार आणि मृतदेह आणण्याचा खर्च हे तिन्ही शब्द पॉलिसीत दिसले पाहिजेत. तिसरा शब्द घरच्यांसमोर काढायला जड जातो, तरी काढा.

सॅटेलाइट फोन भारतातून नेऊ नका. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय तो जवळ बाळगणे भारतात गुन्हा आहे आणि विमानतळावर सामान तपासताना तो सापडतोच. उपग्रहावरून संदेश पाठवणाऱ्या छोट्या उपकरणांनाही हेच लागू. ती काठमांडूत भाड्याने घ्या. वॉकीटॉकी आणि ड्रोनची नेपाळमधली परवानगी वेगळी असते, एजन्सीला आधीच सांगा.

कचऱ्याबद्दल: 2014 पासून एव्हरेस्टवरच्या प्रत्येक गिर्यारोहकाने किमान 8 किलो कचरा खाली आणायचा नियम आहे आणि त्यासाठी 4,000 डॉलरची ठेव घेतली जात आली. ही ठेव मोडीत काढून परत न मिळणारे शुल्क लावण्याचे नेपाळ सरकारने ठरवले आहे. तेव्हा हे पैसे परत येतील असे धरून उसनवारी करू नका. मानवी मल खाली आणण्याच्या पिशव्याही सक्तीच्या आहेत.

"आधी नेपाळमधले 7,000 मीटरचे शिखर चढलेले हवे" ही अट पुष्कळांनी ऐकलेली असते. ती 2025 मध्ये नेपाळच्या राष्ट्रीय सभेत (संसदेच्या वरिष्ठ सभागृहात) आलेल्या विधेयकातली आहे, वरच्या नियमदुरुस्तीतली नव्हे. अर्ज करण्याआधी विधेयकाचे काय झाले ते विभागाकडून लेखी विचारून घ्या. असे शिखर केले असेल तर त्याचे प्रमाणपत्र परिचयासोबत जोडाच.

शेवटचा कागद उतरल्यावर मिळतो, पण त्याची तयारी वरच करावी लागते. शिखर प्रमाणपत्रासाठी फोटो, नेत्याचा अहवाल आणि संपर्क अधिकाऱ्याची शिफारस लागते. 2016 मध्ये एका भारतीय दांपत्याने फेरफार केलेले फोटो दाखवून प्रमाणपत्र मिळवले. ते रद्द झाले आणि दोघांवर नेपाळमध्ये दहा वर्षांची चढाईबंदी आली. तेव्हापासून फोटोंकडे संशयाने बघितले जाते. नुसता झेंडा आणि मास्कमागचा माणूस पुरत नाही. चेहरा आणि मागची ओळखता येणारी शिखरे एका चौकटीत हवीत. बॅटरी थंडीत मरते, म्हणून कॅमेरा अंगाशी ठेवा, शेर्पाच्या कॅमेऱ्यातही एक फोटो काढून घ्या, आणि मूळ फाईल प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत पुसू नका.