विश्वासाची साक्ष (ख्रिस्ती घरात वाढलेल्यांची)

ख्रिस्ती माणसाने आपल्या श्रद्धेची वाटचाल मंडळीसमोर, म्हणजे चर्चच्या सभासदांसमोर, स्वतःच्या शब्दांत सांगणे, याला साक्ष देणे म्हणतात. बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, काँग्रिगेशनल, पेंटेकोस्टल अशा प्रॉटेस्टंट परंपरांत बाप्तिस्म्याच्या किंवा सभासदत्वाच्या वेळी, युवक शिबिरात, प्रार्थनासभेत ती दिली जाते. तिची रूढ बांधणी तीन भागांची असते : आधीचे जीवन, प्रभूची भेट आणि त्यानंतरचा पालट. बाहेरून येऊन ख्रिस्ती झालेल्या माणसाला ही बांधणी चपखल बसते. पण जो तान्हेपणीच बाप्तिस्मा घेऊन, आईच्या मांडीवर गीते ऐकत आणि संडे स्कूलमध्ये वचने पाठ करत वाढला, त्याची पहिल्याच भागात पंचाईत होते, कारण ‘आधीचे जीवन’ म्हणून सांगण्यासारखे त्याच्याजवळ काही नसते.

ही अडचण बायबलइतकी जुनी आहे. आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या पौलाला दमास्कसच्या वाटेवर झालेल्या ख्रिस्तदर्शनाची हकिगत ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात तीनदा येते (अध्याय 9, 22 आणि 26). त्याचा तरुण सहकारी तीमथ्य हा आजी लोईस आणि आई युनीके यांच्या विश्वासात वाढलेला, बालपणापासून पवित्र शास्त्र जाणणारा. त्याच्या श्रद्धेची गोष्ट मात्र पौलाने त्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातल्या एकदोन ओळींत आटोपते. पुढच्या काळात साक्षीचा नमुना म्हणून पौलच पुढे ठेवला गेला, तीमथ्य नाही. घरात वाढलेल्यांची बहुतेक ओढाताण यातून आलेली आहे.

सतराव्या शतकातील न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडील इंग्रज वसाहतींत, ही ओढाताण थेट सार्वजनिक प्रश्न बनली. मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन (कडक शिस्तीच्या प्रॉटेस्टंट पंथाच्या) वसाहतीत 1631 पासून मतदानाचा हक्क मंडळीच्या सभासद पुरुषांनाच होता, आणि 1630 च्या दशकाच्या मध्यापासून पूर्ण सभासद व्हायचे तर देवाची कृपा आपल्यावर कशी झाली हे मंडळीसमोर सांगावे लागे. तिथल्या केंब्रिज गावचे पाळक (मंडळीचे धर्मगुरू) टॉमस शेपर्ड यांनी अशी सुमारे पन्नास निवेदने आपल्या वहीत टिपून ठेवली. त्यांत प्रतिष्ठित गृहस्थ आहेत तशा मोलकरणीही आहेत. कोणत्या प्रवचनाने मन हलले, कोणत्या वचनाने धीर दिला, मग पुन्हा शंका कशी आली, असा त्यांचा ओघ आहे. आजच्या साक्षींत दिसणारा ठामपणा तिथे सहसा नाही. बरीच निवेदने चाचरत, आशेच्या बोलीवर थांबतात. काही गावांत बायकांना सगळ्यांपुढे बोलण्याची सक्ती नसे. त्यांनी पाळकाला खासगीत सांगायचे आणि ते मंडळीत वाचून दाखवले जाई.

या वसाहतकऱ्यांची मुले मोठी झाली तेव्हा घोडे अडले. त्यांचा बाप्तिस्मा झालेला होता, वागणूक नीट होती, शिकवण तोंडपाठ होती. पण सांगण्याजोगा अनुभव नाही म्हणून ती पूर्ण सभासद होईनात. मग त्यांच्या मुलांना बाप्तिस्मा द्यायचा की नाही? बॉस्टनमध्ये 1662 साली भरलेल्या धर्मसभेने मधली वाट काढली. अशा आईबापांनी मंडळीच्या कराराला, म्हणजे देवाशी आणि एकमेकांशी बांधील राहण्याच्या वचनाला, जाहीर मान्यता दिली आणि त्यांचे वर्तन निष्कलंक असले, तर त्यांच्या मुलांना बाप्तिस्मा मिळेल. मात्र त्या आईबापांना स्वतःला प्रभुभोजन (ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याचा विधी) मिळणार नाही आणि मंडळीच्या कारभारात मतही नाही. टीकाकारांनी हिणवून दिलेल्या ‘अर्धा करार’ या नावानेच ही तडजोड इतिहासात राहिली. नॉर्दॅम्प्टनचे पाळक सॉलोमन स्टॉडर्ड याच्याही पुढे गेले. अनुभवकथनाची अट सोडून त्यांनी सद्वर्तनी सभासदांना प्रभुभोजन खुले केले.

स्टॉडर्ड यांचे नातू जोनाथन एडवर्ड्स हे या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण. ते स्वतः पाळकाच्या घरात वाढलेले. 1723 च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांनी रोजनिशीत आपली खंत नोंदवली : न्यू इंग्लंडच्या लोकांना परिवर्तन ज्या पायऱ्यांनी येते असे सांगतात, त्या पायऱ्यांनी ते मला आलेले नाही. पुढे आजोबांच्याच मंडळीचे पाळक झाल्यावर त्यांनी ढिली पडलेली अट पुन्हा आवळली. मात्र पायऱ्यांचा हिशेब न मागता विश्वासाची मनापासून कबुली मागितली. ती किती साधी असू शकते हे दाखवायला त्यांनी छोटे मसुदेही लिहून दिले. 1748 च्या अखेरीस सभासदत्व मागायला आलेल्या एका तरुणाने मसुदा वाचला, विचार केला आणि माघार घेतली. वाद चिघळत गेला आणि जून 1750 मध्ये मंडळीने एडवर्ड्सनाच पाळकपदावरून दूर केले. हार्टफर्डचे पाळक होरेस बुशनेल यांनी 1847 मध्ये उलटा सूर लावला : ख्रिस्ती घरातले मूल ख्रिस्ती म्हणूनच वाढावे, आपण कधी वेगळे होतो हे त्याला आठवूच नये. त्यांच्यावर टीकेची झोड उठली.

जर्मनीत हाले येथील ऑगस्ट हेर्मान फ्रांके यांच्या परंपरेत पश्चात्तापाची झुंज आणि तीतून सुटकेचा क्षण यांवर भर होता. आजीकडे भक्तिमय वातावरणात वाढलेले काउंट त्सिंत्सेनडोर्फ यांना असा क्षण दाखवता येईना. तारणाऱ्यावरचे प्रेम लहानपणापासूनचेच, असे ते सांगत. त्यांच्या हेर्नहूट येथील मोरेव्हियन (एका जुन्या प्रॉटेस्टंट पंथाच्या) मंडळीत अठराव्या शतकाच्या मध्यापासून प्रत्येकाने आपले जीवनवृत्त लिहावे आणि ते त्याच्या अंत्यविधीत वाचले जावे, अशी प्रथा पडली. संबंध आयुष्याचा पट मांडायचा असल्याने एका तारखेवर भार टाकण्याची गरजच उरली नाही. घरात वाढलेल्यांसाठी याहून सोयीची रीत दुसरी झाली नसेल.

महाराष्ट्राशी या साऱ्याचा सरळ धागा आहे. 1813 मध्ये मुंबईत आलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे मॅसॅच्युसेट्समध्ये 1810 साली स्थापन झालेल्या काँग्रिगेशनल मंडळाने पाठवलेले मिशनरी होते. त्यांच्या अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे ठाणे उभारले आणि उमेदवाराची विचारपूस करून मगच त्याला मंडळीत घेण्याची न्यू इंग्लंडची शिस्तही इकडे आणली. मराठीत गाजलेल्या साक्षी अर्थातच धर्मांतरितांच्या. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांची वाट आगगाडीतल्या एका अनोळखी युरोपियन प्रवाशाच्या भेटीपासून सांगितली जाते. अशा धर्मांतरितांची नातवंडे-पतवंडे टिळकांची भजने गात मोठी झाली, पण त्यांच्या वाट्याला तशी आगगाडी आली नाही.

या पिढ्यांना टिळकांपेक्षा पंडिता रमाबाईंची साक्ष जवळची वाटावी. रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. 1907 मध्ये प्रसिद्ध केलेल्या साक्षीत त्या सांगतात की, ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मिळालेला नव्हता, हे आठ वर्षांनी उमगले. म्हणजे त्यांच्या गोष्टीतले दुसरे वळण ख्रिस्ती झाल्यानंतरचे आहे. घरात वाढलेल्याची गोष्ट, असलीच तर, या दुसऱ्या वळणाची असते.

आज साक्षीची तयारी बहुधा दृढीकरणाच्या (तान्हेपणीच्या बाप्तिस्म्याला मोठेपणी स्वतः दुजोरा देण्याच्या विधीच्या) वर्गात, बाप्तिस्म्याच्या वर्गात किंवा शिबिराच्या आधी होते. पाळकसाहेब पानभर लिहून आणायला सांगतात. बोलायला तीन ते पाच मिनिटे मिळतात. पहिला मसुदा जवळजवळ ठरलेला असतो : ‘माझा जन्म ख्रिस्ती कुटुंबात झाला, मी लहानपणापासून चर्चला जात होतो, पण प्रभूला ओळखत नव्हतो.’ त्या ‘पण’पुढे मुलगा अडतो. मग पापांची भर घातली जाते. कॉपी केली, आईशी खोटे बोललो, वाईट संगतीत होतो. पुढच्या बाकावर आजी बसलेली असते आणि तिला यातले खरे किती हे ठाऊक असते.

जाणता पाळक इथे प्रश्न बदलतो. कोणी न सांगता, एकट्याने केलेली पहिली प्रार्थना कुठली? कोणती गोष्ट केवळ घरच्यांसाठी करत होतास आणि ती स्वतःसाठी कधी करू लागलास? शिकायला पुण्या-मुंबईला गेल्यावर, कोणी विचारणारे नसताना, रविवारी उपासनेला का गेलास, किंवा का गेला नाहीस? ‘मी देवापासून दूर गेलो होतो’ या वाक्याच्या जागी ‘वसतिगृहात वर्षभर मी बायबल उघडले नाही, वडील आजारी पडले तेव्हा उघडले, आणि काही दिवस नुसताच रागाने वाचत होतो’ असे येते, तेव्हा साक्ष उभी राहते. वडिलांचे आजारपण, घरातली भांडणे, भावाचे व्यसन असले तपशील मात्र त्या त्या माणसाला विचारूनच घ्यावेत. ही माणसे ऐकायला समोरच बसलेली असतात.

तारखेचा आग्रह अजूनही अनेक ठिकाणी धरला जातो आणि दाखल्याला मेथडिस्ट परंपरेचे संस्थापक जॉन वेस्ली यांचे नाव घेतले जाते. पाळकाच्या घरात जन्मलेल्या, दीक्षित पाळक झालेल्या वेस्लींनी 24 मे 1738 च्या संध्याकाळी, पावणेनऊच्या सुमारास, लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरील सभेत अंतःकरण ऊबदार झाल्याचे नोंदवले. त्याआधी आपण खरे ख्रिस्ती नव्हतोच, असेही त्यांनी त्या काळात लिहिले होते. 1774 मध्ये रोजनिशीची नवी आवृत्ती निघाली तेव्हा त्या जुन्या वाक्याला त्यांनी तळटीप जोडली : याची मला खात्री नाही. तारीख मागणाऱ्यांच्या तोंडी ही तळटीप क्वचितच येते.