रोल कोरा आला, म्हणजे लॅबने बिघडवला?

कॅमेऱ्यातला फिल्मचा रोल धुतल्यावर कोरा निघाला की दोष तो धुणाऱ्या लॅबच्या माथी मारायचा, हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो, आणि पुरावा निगेटिव्हवरच, म्हणजे धुऊन आलेल्या फिल्मवरच, असतो.

३५ मिमी निगेटिव्हच्या कडेला, भोकांच्या ओळीत, फ्रेमचे आकडे आणि फिल्मचं नाव असतं. ही अक्षरं कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेली असतात, पण दिसतात फिल्म डेव्हलप झाल्यावरच, म्हणजे रसायनांत धुतल्यावरच. त्यामुळे कडेची अक्षरं गडद आणि फ्रेम कोऱ्या असतील, तर डेव्हलपिंग नीट झालंय. फिल्मवर प्रकाशच पडलेला नाही. अनेकदा फिल्मचं टोक कॅमेऱ्यातल्या स्पूलमधून, म्हणजे फिल्म गुंडाळून घेणाऱ्या रिळातून, निसटलेलं असतं आणि फिल्म पुढे सरकवणारा लीव्हर ओढूनही फिल्म जागची हलत नाही. लीव्हर ओढताना रिवाइंडचा (फिल्म परत गुंडाळायचा) नॉब फिरतोय ना, एवढं बघितलं तरी पुढचा रोल वाचतो.

अक्षरंही गायब असतील, तर मात्र लॅबला जरूर विचारा. डेव्हलपरआधी (चित्र उमटवणारं रसायन) फिक्सर (न उमटलेला भाग धुऊन काढणारं रसायन) पडला की फिल्म अशीच साफ धुऊन निघते.

निगेटिव्ह फिकट असेल तरी हीच कड बघा. अक्षरं गडद असतील तर एक्स्पोजर, म्हणजे फोटो काढताना फिल्मला मिळालेला प्रकाश, कमी पडलं. तीही फिकी असतील तर डेव्हलपिंग.