धर्म मोजायची पट्टी

चीनमध्ये २०१८ साली एका मोठ्या सर्वेक्षणात प्रौढांना त्यांचा धर्म विचारला, तेव्हा दहातल्या नऊ जणांनी 'कोणताही नाही' असं सांगितलं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या सर्वेक्षणात मात्र सुमारे ७५ टक्के लोक वर्षातून एकदा तरी घरच्यांच्या थडग्यांना भेट देतात, असं दिसलं.

लोक खोटं बोलत नव्हते. खोट होती ती पट्टीत. एक ग्रंथ, एक श्रद्धा आणि सभासदांची नोंद म्हणजे धर्म, ही कल्पना युरोपातल्या चर्चवरून आलेली. पूर्वजांपुढे धूप जाळणं ही पूजा की नुसता शिष्टाचार, यावर कॅथलिक मिशनऱ्यांतच शंभर वर्षं वाद चालला. १७१५ मध्ये पोपने नवख्रिस्ती चिन्यांना हे विधी करायला बंदी घातली. ती सैल व्हायला १९३९ उजाडलं. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने तर चीनला न जाता आणि चिनी न शिकता चिनी धर्मावर ग्रंथ लिहिला, आणि तो अजूनही अभ्यासक्रमात आहे!

कोंडी फोडली ती चीनमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत शिकवणाऱ्या समाजशास्त्रज्ञ सी. के. यांग यांनी. १९६१ मध्ये त्यांनी मांडलं की चीनमध्ये धर्म वेगळ्या संस्थेत कमी आणि कुटुंब, गाव, व्यवसाय, राज्यकारभार यांत भिनलेला जास्त आहे. म्हणजे साधनं पाश्चात्त्य समाजशास्त्राचीच, पण पट्टी नवी.

मग आर्थर वुल्फ या मानववंशशास्त्रज्ञाने उत्तर तैवानमधल्या खेड्यांत राहून, कोण कुणाला काय वाहतं याकडे बारकाईने पाहिलं. देवांसाठी सोनेरी कागदी पैसे जाळायचे. पूर्वजांना आणि भुतांना रुपेरी. पूर्वजांना घरात शिजवलेलं जेवण, भातासकट. भुतांचं ताट घराबाहेर. १९७४ च्या निबंधात त्याने याचा अर्थ लावला: देव म्हणजे बादशाही अंमलदार, पूर्वज म्हणजे आप्त, भुतं म्हणजे परके, भिकारी आणि दरोडेखोर. चुलीचा देवसुद्धा वर्षाअखेरीस वरिष्ठांकडे घराचा अहवाल घेऊन जातो. एका घरचा पूर्वज दुसऱ्या घराच्या दृष्टीने भूतच. मला हा निबंध आवडतो, कारण त्याची सुरुवात पोथीतून होत नाही, ताटातून होते.

मराठी वाचकाला इथे पितृपक्ष आठवेल. आठवू द्या, पण तीही बाहेरून आणलेली पट्टीच आहे.

वुल्फ तैवानला गेला याचं कारण साधं होतं. १९४९ मध्ये कम्युनिस्टांची सत्ता आल्यानंतर पाश्चात्त्य संशोधकांना चीनच्या मुख्य भूमीवर गावात राहून अभ्यास करणं जवळपास अशक्य झालं. त्यामुळे एक पिढीभर पुस्तकांतला 'चिनी धर्म' बहुतांशी तैवान आणि हाँगकाँगच्या खेड्यांतला होता. १९८० च्या दशकात वाट उघडली, तेव्हा तैवानसमोरच्या फूच्येन प्रांतात देवळं पुन्हा बांधली जात होती, त्यांतली बरीच तैवानच्या आणि परदेशस्थ भाविकांच्या पैशाने. मग कुठला विधी तिथलाच जुना आणि कुठला समुद्रापलीकडून परत आलेला, हे देवळागणिक वेगळं विचारणं आलं.