सेव्होफ्लुरेन (भुलीचा वायू) आणि रुग्णाची सुरक्षितता

सेव्होफ्लुरेन : मोठ्या ऑपरेशनला पेशंटला पूर्ण झोपवण्यासाठी हुंगायला दिलं जाणारं भुलीचं औषध. ओटीतली (ऑपरेशन थिएटरमधली) मंडळी नुसतं 'सेव्हो' म्हणतात. आपण सगळे त्याला वायू म्हणतो पण मुळात ते साध्या तापमानाला पातळ, बिनरंगी असतं, ५८.५ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं, बाटलीतून भूल मशीनवरच्या पिवळ्या खुणेच्या व्हेपोरायझरमध्ये ओततात आणि तिथून त्याची वाफ ऑक्सिजनबरोबर, कधी हवेबरोबर किंवा नायट्रस ऑक्साइडबरोबर पेशंटच्या फुफ्फुसात जाते. (आयसोफ्लुरेनची खूण जांभळी, हॅलोथेनची लाल, डेसफ्लुरेनची निळी, चुकीचं औषध चुकीच्या व्हेपोरायझरमध्ये जाऊ नये म्हणून हे रंग, आणि बाटलीचं तोंडही त्याच व्हेपोरायझरला बसेल असं केलेलं असतं.) रेणूत चार कार्बन, तीन हायड्रोजन, सात फ्लोरिन आणि एक ऑक्सिजन. ईथर पेट घ्यायचं, हे ओटीत घेत नाही, ते या फ्लोरिनमुळं.

वास गोडसर, घशाला झोंबत नाही, म्हणून लहान मुलांना सुई न टोचता मास्कवर झोपवायला हेच वापरतात. मशीनला लावलेली पिशवी दाखवून 'हा फुगा फुगव बघू' म्हणायचं, पोरगं चार-सहा श्वास जोरात घेतं आणि डोळे मिटायला लागतात. मध्ये थोडा वेळ हातपाय झाडतं, डोळे फिरवतं, घोरल्यासारखा आवाज येतो, तेव्हा शेजारी आई उभी असेल तर ती घाबरते, पण ही भुलीची एक पायरीच आहे आणि ती पुढं सरकते.

शोध कुणाचा : याबद्दल दोन मतं आहेत. एका मतानं रॉस टेरेल या अमेरिकन रसायनतज्ज्ञानं हे संयुग बनवलं. टेरेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५९ ते १९६६ च्या दरम्यान ७०० वर फ्लोरिनयुक्त संयुगं तयार केली, एनफ्लुरेन, आयसोफ्लुरेन आणि डेसफ्लुरेन त्यातलीच, त्यामुळं सेव्होफ्लुरेनही त्याच्याच नावावर टाकायचा मोह होतो. दुसरं मत म्हणजे ट्रॅव्हेनॉल लॅबोरेटरीज या कंपनीतल्या बर्नार्ड रीगन यानं ते स्वतंत्रपणे शोधलं, बहुधा १९६० च्या दशकाच्या शेवटी. त्याचे गुणधर्म नीट मांडणारा पहिला सविस्तर लेख १९७५ चा, आणि तो वॉलिन, रीगन, नापोली आणि स्टर्न यांचा, म्हणजे ट्रॅव्हेनॉलच्याच लोकांचा. छापील पुरावा बघितला तर दुसऱ्या मताचं पारडं जड वाटतं, पण दोघांनी वेगवेगळं शोधलं असं म्हणणारेही आहेत आणि त्यात अशक्य काही नाही.

माणसांवरच्या पहिल्या चाचण्यांचा अहवाल १९८१ च्या सुमाराचा. औषध शरीरात गेल्यावर त्यातला ३ ते ५ टक्के भाग यकृतात मोडतो आणि फ्लोराइड सुटतं, शिवाय मशीनमधल्या सोडा लाइमशीही (कार्बन डायऑक्साइड शोषणारे दाणे) त्याची रासायनिक क्रिया होते, या दोन कारणांनी कंपनीचा उत्साह मावळला. हक्क फिरत फिरत जपानच्या मारुइशी कंपनीकडं गेले आणि १९९० मध्ये जपानात ते पहिल्यांदा रोजच्या वापरात आलं. अमेरिकेत परवानगी मिळाली १९९५ मध्ये. भारतात बराच काळ हॅलोथेन स्वस्त म्हणून टिकून राहिलं, सेव्हो महाग होतं, भाव उतरत गेले तसं ते पसरलं. कोल्हापुरात आज सीपीआरला (पूर्वीचं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल) जा नाहीतर राजारामपुरीतल्या एखाद्या खासगी दवाखान्यात, भूलतज्ज्ञ भेटायला आले की हे नाव कानावर पडू शकतं.

फ्लोराइड आणि कंपाउंड ए : इथं जरा थांबावं लागेल कारण 'सेव्होनं किडनी जाते' हे अजूनही कुणीतरी सांगतंच. भीतीचं मूळ मेथॉक्सिफ्लुरेन नावाच्या जुन्या औषधात आहे. त्यानं खरोखर मूत्रपिंडं बिघडायची आणि रक्तात फ्लोराइड ५० मायक्रोमोल प्रति लिटरच्या वर गेलं की धोका, असा एक आकडा तेव्हा ठरला. सेव्होफ्लुरेननं काही पेशंटमध्ये फ्लोराइड ५० च्या वर जातं पण मूत्रपिंडं बिघडत नाहीत, हे कोडं बरीच वर्षं चर्चेत होतं. १९९० च्या दशकात पुढं आलेलं स्पष्टीकरण असं की मेथॉक्सिफ्लुरेन खुद्द मूत्रपिंडाच्या पेशीतच मोडतं आणि फ्लोराइड तिथंच साचतं, सेव्होफ्लुरेन मुख्यतः यकृतात मोडतं आणि फुफ्फुसातून पटकन बाहेरही पडतं. हे पटण्यासारखं आहे आणि आता बहुतेक जण तेच मानतात.

कंपाउंड ए ची गोष्ट वेगळी. पेशंटनं सोडलेला कार्बन डायऑक्साइड शोषायला मशीनमध्ये सोडा लाइमचे पांढरे दाणे भरलेले असतात (वापरून संपत आले की त्यांचा रंग बदलतो, मग ते टाकून नवे भरतात). त्यातल्या तीव्र अल्कलीमुळं सेव्होफ्लुरेनचा थोडा भाग कंपाउंड ए मध्ये बदलतो, आणि उंदरांच्या मूत्रपिंडांना त्यानं इजा झाली. उंदरांच्या मूत्रपिंडात ज्या एन्झाइममुळं हे घडतं ते माणसात बरंच कमी सक्रिय असतं, त्यामुळं माणसात तशी इजा ठळकपणे दिसलेली नाही. तरी अमेरिकेतल्या औषधाच्या माहितीपत्रकात ताज्या वायूचा प्रवाह मिनिटाला १ लिटरच्या खाली नेऊ नये आणि १ ते २ लिटरच्या दरम्यान असेल तर ठरावीक मर्यादेपलीकडं चालू ठेवू नये असं बजावलेलं आहे. बऱ्याच देशांत अशी अट नाही आणि तीव्र अल्कली नसलेले नवे शोषक वापरले तर कंपाउंड ए चा प्रश्न जवळपास उरत नाही. दाणे अगदी कोरडे पडले तर मात्र ते तापतात, कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो, क्वचित आगही लागलेली आहे, म्हणून मशीन रात्रभर ऑक्सिजन चालू ठेवून सोडू नये हा नियम ओटीत काटेकोर पाळतात. पेशंटला यातलं काही करायचं नसतं.

मात्रा : कापल्यावर निम्म्या पेशंटनी हालचाल करू नये इतकी फुफ्फुसातली मात्रा म्हणजे मॅक. चाळिशीच्या माणसात ती सुमारे २ टक्के, तान्ह्या बाळात ३ च्या वर, ऐंशीच्या आजोबांत १.४ च्या जवळ. रक्तात हे औषध कमी विरघळतं (रक्त-वायू गुणांक सुमारे ०.६५, हॅलोथेनचा २ च्या वर), म्हणून झोप लवकर लागते आणि औषध बंद केलं की जागही लवकर येते. 'भूल जास्त झाली तर आमचा माणूस उठणार का' हा नातेवाइकांचा ठरलेला प्रश्न. तर श्वासागणिक किती औषध आत जातंय आणि किती बाहेर येतंय ते आताचे मॉनिटर दाखवतात, वर ऑक्सिजन, नाडी, बीपी आणि कार्बन डायऑक्साइड चालूच. बीपी थोडं उतरतं आणि श्वास उथळ होतो, हे सगळ्यांनाच होतं, त्यासाठीच भूलतज्ज्ञ पूर्णवेळ उशाशी बसलेले असतात.

मॅलिग्नंट हायपरथर्मिया : सगळ्यात गंभीर पण अगदी विरळा धोका. नेमकं प्रमाण सांगणं अवघड, १०,००० त १ पासून २,५०,००० त १ पर्यंतचे आकडे दिले जातात. स्नायूंतल्या कॅल्शियमचं नियंत्रण करणाऱ्या जीनमध्ये (मुख्यतः आरवायआर-१) जन्मजात दोष असतो, एरवी माणूस ठणठणीत, तालमीत जोर-बैठका काढणारासुद्धा. सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन, हॅलोथेन किंवा सक्सिनिलकोलिनचं (स्नायू सैल करणारं) इंजेक्शन मिळालं की स्नायू आवळतात, जबडा घट्ट होतो, कार्बन डायऑक्साइड झपाट्यानं वाढतो, अंगाचा ताप भडकतो, लघवी काळपट होते. हा विकार उजेडात आला तो १९६० मध्ये मेलबर्नच्या डेन्बरो आणि लव्हेल यांच्या टिपणामुळं. पाय मोडून आलेल्या एका २१ वर्षांच्या तरुणाला मोडलेल्या पायापेक्षा भुलीचीच धास्ती होती, कारण त्याच्या घरातले १० जण ईथरच्या भुलीत गेले होते. त्याला हॅलोथेन दिलं, लक्षणं दिसताच बंद केलं आणि तो वाचला. डँट्रोलिन हे त्यावरचं औषध नव्हतं तेव्हा अशा झटक्यात ७० ते ८० टक्के पेशंट दगावायचे, आता वेळेवर ओळखलं आणि डँट्रोलिन हाताशी असलं तर फार थोडे. आपल्याकडं ते कित्येक वर्षं सहज मिळत नव्हतं, म्हणून आधी विचारून घेण्याला जास्तच महत्त्व. चुलता, मावशी, आतेभाऊ कुणीही 'भुलीत गेला' किंवा 'ऑपरेशनमध्ये एकदम ताप चढला' असं घरात बोललं जात असेल तर ते भूलतज्ज्ञांना सांगायचंच, अपशकुन म्हणून लपवायचं नाही. मग सेव्हो टाळून नुसत्या सलाइनमधल्या औषधांवर किंवा पाठीतल्या इंजेक्शनवर काम भागवता येतं. मुलाला स्नायूंचा आजार (मस्क्युलर डिस्ट्रॉफी) असेल तर तेही सांगायचं.

उपाशी राहणं : इथं सगळ्यात जास्त गोंधळ होतो, आणि खरं सांगायचं तर पेशंटच्या हातात असलेली सुरक्षा मुख्यतः इथंच आहे. भुलीत घशाची राखण थांबते, पोटातलं वर आलं की थेट फुफ्फुसात जातं. तेलकट, मटणाचं जेवण असेल तर ८ तास, हलकं खाणं किंवा दूध ६ तास, अंगावरचं दूध ४ तास, नुसतं पाणी २ तास, हा सर्वसाधारण हिशोब. आता कोल्हापुरात अडचण अशी की सकाळी ऑपरेशन म्हणून मिसळ खाल्ली नाही पण रात्री उशिरा गंगावेशीत धारोष्ण दूध पिऊन आला, पहाटे 'एवढाच' कपभर चहा घेतला. दुधाचा चहा हा दुधातच धरायचा, पांढरा रस्सा रंगानं कितीही पातळ दिसला तरी जेवणातच. आणि 'उपवास आहे माझा' म्हणणाऱ्या काकूंना साबुदाण्याची खिचडी किंवा केळं झालंय का हे वेगळं विचारावं लागतं, देवाचा उपवास आणि भुलीचा उपवास एक नव्हे. वजन कमी करायचं किंवा शुगरचं सेमाग्लुटाइडसारखं इंजेक्शन चालू असेल तर पोट उशिरा रिकामं होतं, ते कधी घेतलं हे सांगायचं.

बाकी काय सांगायचं : आधीच्या भुलीनंतर कावीळ किंवा ताप आला होता का, विशेषतः मागची भूल तीनेक महिन्यांतली असेल तर. हॅलोथेननं यकृताला इजा व्हायची हे माहितीतलं आहे, सेव्होफ्लुरेननं ती फार क्वचित पण नोंदलेली आहे. टीबीची आयसोनियाझिड गोळी आणि रोजची दारू यानं हे औषध जास्त मोडतं. बिडी, मावा, मिसरी हे 'व्यसन नाही' या सदरात टाकून लोक गप्प बसतात, तसं करू नये, श्वासनळी चिडकी असते आणि खोकला वाढतो. हलणारा दात, कवळी, घोरणं, पैलवानी जाड मान हे भूलतज्ज्ञांना तोंड उघडायला लावून बघायचं असतं. नखाला नेलपॉलिश असलं तर बोटाला लावलेला ऑक्सिमीटर चुकू शकतो, पुसून यावं. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत सुरुवातीला नाडी मंदावते, त्यामुळं ते आधी माहीत असलेलं बरं. हृदयाची लय बिघडलेली असेल (कार्डिओग्रामवर 'क्यूटी' हे अंतर लांबलेलं) तर कार्डिओग्राम बरोबर आणावा.

जाग येताना : थंडी वाजणं, मळमळ, उलटी, घसा धरणं हे नेहमीचं, उलटीचं औषध आधीच देतात. साधारण २ ते ६ वर्षांच्या मुलांत मात्र उठताना एक वेगळाच प्रकार होतो : मूल डोळे उघडं ठेवून जोरजोरात रडतं, लाथा मारतं, आईला ओळखत नाही. प्रमाणाचे आकडे १० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत कुणी काहीही देतं कारण मोजायच्या पद्धतीच वेगळ्या. दुखण्यावर औषध मिळालेलं असलं तरी होतं, बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत आपोआप निवळतं, तोवर सलाइन उपटून घेणार नाही आणि पलंगावरून पडणार नाही एवढं धरायचं. 'मेंदूवर परिणाम झाला' असं आईबापांना वाटतं, तसं नसतं.

मेंदूच्या वाढीबद्दल : डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं इशारा दिला की ३ वर्षांखालच्या मुलांत आणि शेवटच्या तिमाहीतल्या गरोदर बायकांत ३ तासांपेक्षा लांब किंवा वारंवार भुलीचा वाढत्या मेंदूवर परिणाम होऊ शकतो, आधार मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांचा. नंतर २०१९ मध्ये जी.ए.एस. या आंतरराष्ट्रीय चाचणीचे ५ वर्षांच्या वयातले निकाल आले, त्यात तान्हेपणी तासाभराच्या आतली सेव्होफ्लुरेनची एकच भूल मिळालेली मुलं आणि जागं ठेवून कंबरेच्या इंजेक्शनवर ऑपरेशन झालेली मुलं यांच्या बुद्ध्यंकात फरक दिसला नाही. हर्नियासारखं गरजेचं ऑपरेशन या भीतीनं पुढं ढकलू नये असंच बालभूलतज्ज्ञांचं एकंदर म्हणणं आहे, लांबलचक आणि पुन्हा पुन्हा लागणाऱ्या भुलीचा प्रश्न अजून उघडा आहे.

घरी गेल्यावर : त्याच दिवशी सोडलं तर २४ तास गाडी चालवायची नाही, मोपेडही नाही, दारू नाही, खरेदीखतावर वगैरे सही नाही, सोबत एक जाणतं माणूस. अंगावर पाजणारी आई नीट जागी झाली की पाजायला हरकत नाही असं आताचे बहुतेक मार्गदर्शक सांगतात. दोन-चार दिवसांत डोळे पिवळे, अंग दुखून लघवी चहासारखी, किंवा ताप उतरत नसेल तर थेट परत यायचं.

ओटीतल्या लोकांसाठी : उरलेली वाफ नळीनं बाहेर सोडतात. अमेरिकेच्या नायॉश या कामगारांच्या आरोग्याच्या संस्थेनं १९७७ मध्ये अशा वायूंसाठी हवेत दशलक्षात २ भाग ही मर्यादा सुचवली होती, ती सेव्होफ्लुरेन वापरात येण्याच्या आधीची आहे तरी अजून तीच धरतात. बाहेर सोडलेली ही वाफ वातावरण तापवते; सेव्होफ्लुरेन तिथं एक-दोन वर्षं टिकतं, डेसफ्लुरेन सुमारे १४; युरोपियन युनियननं जानेवारी २०२६ पासून डेसफ्लुरेनवर निर्बंध घातलेत ते यामुळंच.