'बिगट' शब्द 'बाय गॉड'वरून आला का?

'राजाच्या पायाचे चुंबन घ्यायला नकार देताना नॉर्मन सरदार "बाय गॉड, नाही" म्हणाला, त्यावरून बिगट शब्द पडला.' इंग्रजी 'बिगट' (bigot), म्हणजे दुसऱ्याचे मत सहन न करणारा माणूस, या शब्दाबद्दलचा हा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. गोष्ट रंगतदार आहे, शिवाय जुन्या इतिवृत्तांतही सापडते, त्यामुळे ती खरी वाटणे स्वाभाविक आहे.

प्रसंग 911 सालचा सांगितला जातो, पण त्याचे वर्णन पुष्कळ नंतर लिहिलेले आहे. नॉर्मन म्हणजे स्कँडिनेव्हियातून येऊन उत्तर फ्रान्समध्ये वसलेले लोक; त्या सरदाराची भाषा नॉर्स, म्हणजे तिकडची जुनी भाषा होती आणि समोरचा राजा फ्रँकांचा, म्हणजे तेव्हाच्या फ्रान्समधल्या लोकांचा. मग शपथ इंग्रजी धाटणीची कशी? फ्रेंचमध्ये बाराव्या शतकात हा शब्द नॉर्मन लोकांना हिणवायला वापरलेला दिसतो, हे मात्र खरे. बहुधा आधीपासून असलेल्या शिवीचा अर्थ लावायला ही गोष्ट जोडली गेली असावी, असे मला वाटते.

पुढे फ्रेंचमध्ये त्याला धर्माचे अवडंबर माजवणारा, ढोंगी असा अर्थ आला. इंग्रजीत तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस याच अर्थाने आला आणि सतराव्या शतकात 'आपलेच मत खरे मानून दुसऱ्याचे सहन न करणारा' असा झाला. आज वंश, जात, भाषा यांबाबतच्या असहिष्णुतेलाही तो लावतात.

मूळ व्युत्पत्ती अनिश्चित आहे, असेच चांगले कोश सांगतात. पडताळायचे असेल तर व्युत्पत्तिकोश उघडा आणि पहिल्या लिखित नोंदीचे साल व तेव्हाचा अर्थ पाहा. स्पॅनिशमधल्या मिशीवाचक 'बिगोते'वरून हा शब्द आला, हा दुसरा दावाही तिथेच तपासता येतो: 'बिगोते'ची नोंद फ्रेंच शब्दाच्या कितीतरी नंतरची आहे.